परदेशातून पुण्यात येणारा रेस्क्यू कुत्रा : परवानगीपासून घरात रुळेपर्यंत

परदेशातल्या शेल्टरमधून दत्तक घेतलेला कुत्रा बरोबर घेऊन पुण्यात परतणारी कुटुंबं आता कोथरूड-बाणेरपासून खराडीपर्यंत सगळीकडे भेटतात. दुबईच्या वाळवंटाकडेला सापडलेली लांब पायांची सालुकी मिश्र कुत्री, रोमानियाच्या रस्त्यावरून जर्मनीत आणि तिथून इथे पोचलेले बुजरे कुत्रे, अमेरिकेतल्या शेल्टरमधले पिटबुल मिश्र. यातल्या बऱ्याच जणांचं हे तिसरं-चौथं बिऱ्हाड असतं.

या कुटुंबांची विमानतळापर्यंतची तयारी बहुतेक वेळा चोख असते. पण कुत्रा पळतो, चावतो किंवा आजारी पडतो तो घरी पोचल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत, आणि त्या आठवड्यांचा विचार कुणी केलेला नसतो. म्हणून या लेखात कागदपत्रं थोडक्यात आहेत आणि घरी आल्यावर काय करायचं ते जास्त.

आधी बघा, आणता येतो का

पुण्यात बसून इंटरनेटवर फोटो बघायचा, ग्रीस किंवा थायलंडमधल्या संस्थेला कळवायचं आणि कुत्रा मागवून घ्यायचा, हे भारतात चालत नाही. कस्टम्सच्या 2013 च्या परिपत्रकानुसार सलग दोन वर्षं परदेशात राहून कायमचं परत येणाऱ्या माणसाला सामानाबरोबर पाळीव प्राणी आणता येतो, एका प्रवाशाला जास्तीत जास्त दोन. परकीय व्यापार महासंचालनालयाने 2016 मध्ये कुत्र्यांच्या आयातीवर आणखी बंधनं घातली : पैदाशीसाठी कुत्रे आणायला बंदी, आणि पाळीव कुत्र्याचं पेट-बुक (लसी आणि ओळखीची नोंदवही) व बाकीच्या नोंदी आणणाऱ्याच्याच नावावर हव्यात. थोडक्यात, कुत्रा तिथे असतानाच तुमचा झालेला पाहिजे. कागदांवर शेल्टरचं नाव असेल तर दत्तकपत्र आणि कातडीखाली बसवलेल्या ओळख-चिपची नोंदणी आधी स्वतःच्या नावावर करून घ्या. नियमांत मधूनमधून बदल होतात, त्यामुळे तिकीट काढण्याआधी मुंबईच्या प्राणी क्वारंटाईन कार्यालयाकडून, म्हणजे एक्यूसीएसकडून, लेखी खात्री करून घ्या.

‘परदेशी कुत्रा मोफत दत्तक, फक्त विमानखर्च भरा’ अशी जाहिरात दिसली तर एक रुपयाही पाठवू नका. आधी वाहतूक, मग विमा, मग कस्टम्स अशा नावांनी पैसे उकळत राहणं ही या फसवणुकीची ठरलेली पद्धत आहे. कुत्रा कधीच येत नाही.

वरच्या अटींत बसत नसाल तर दत्तक घेण्याचा विचार सोडू नका. पुण्यातच रेस्क्यू चॅरिटेबल ट्रस्टसारख्या संस्थांकडे घराची वाट बघणारे इंडी, म्हणजे देशी कुत्रे आहेत, ते इथल्या हवेला सरावलेले असतात. घरात रुळण्याबद्दल पुढे जे लिहिलं आहे ते जवळजवळ सगळं त्यांनाही लागू पडतं.

निघण्याआधीचे तीन-चार महिने

पहिल्यांदा चिप. पंधरा आकडी, आयएसओ मानकाची. रेबीजची लस चिप बसवल्यानंतर घ्यावी, म्हणजे लसीच्या नोंदीवर चिपचा नंबर येतो आणि कागद एकमेकांशी जुळतात. भारतासाठी ही लस निघण्याच्या किमान महिनाभर आधी आणि वर्षाच्या आत दिलेली हवी. निघायच्या सुमाराला तिथल्या सरकारी पशुवैद्याचा आरोग्य दाखला लागतो. हे हातात आल्यावर एक्यूसीएसकडे एनओसीसाठी ऑनलाइन अर्ज. चिपचा एक आकडा किंवा नावातलं एक अक्षर जुळलं नाही तरी तासन् तास अडकून पडायला होतं. त्यामुळे सगळे कागद टेबलावर शेजारी शेजारी मांडून घरातल्या दोघांनी वेगवेगळे तपासावेत.

दाखल्यापुरत्या तपासण्यांवर थांबू नका. कुत्रा भूमध्य समुद्राकाठच्या देशांतून आलेला असेल तर लेशमानिया, अमेरिकेतला असेल तर हार्टवर्म, रोमानियातला असेल तर ब्रुसेला, या रक्ततपासण्या तिथेच करून घ्या. तिथल्या डॉक्टरांना हे आजार रोजचे असतात. इथे सहा महिन्यांनी कुत्रा खंगायला लागला की डॉक्टर आधी गोचीड तापाच्या मागे जातील आणि खरं कारण हाती लागायला वेळ जाईल.

क्रेटची, म्हणजे प्रवासाच्या पिंजऱ्याची सवय ही मात्र खरी कष्टाची गोष्ट. त्याचं जेवण रोज क्रेटमध्ये द्यायचं, आधी दार उघडं ठेवून, मग क्षणभर लोटून, मग तासभर बंद. प्रवासाच्या दिवशी क्रेट ही त्याच्या ओळखीची एकमेव जागा असते. झोपेचं औषध देऊन विमानात चढवायचा सल्ला कुणी दिला तर मानू नका. गुंगीत श्वास आणि शरीराचं तापमान दोन्ही बिघडू शकतं, आणि बऱ्याच विमान कंपन्या असा कुत्रा घेतच नाहीत. पग, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या जातींना नेण्यावर तर कितीतरी कंपन्यांची बंदी आहे.

तारीख निवडताना पुण्याचं कॅलेंडर समोर ठेवा. दिवाळीचे फटाके संपल्यानंतर, नोव्हेंबरच्या उत्तरार्धापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ सगळ्यांत बरा. हवा थंड असते, गोचीड जरा कमी असतात, ढोल-ताशे नसतात. एकतीस डिसेंबरची रात्र तेवढी सांभाळायची. शाळेच्या सुट्टीचा हिशेब करून लोक एप्रिल-मेमध्ये येतात आणि युरोपातल्या थंडीतला केसाळ कुत्रा थेट चाळीस अंशांत उतरतो. तसं करू नका.

मुंबई विमानतळ ते पुणे

पाळीव प्राणी भारतात उतरवायला मोजकेच विमानतळ चालतात. त्यात पुणे नाही, आपल्याला जवळचं मुंबई. शक्यतो कामाच्या दिवशी सकाळी उतरणारं विमान घ्या, म्हणजे तपासणी त्याच दिवशी आटोपते. कागद अपुरे निघाले तर कुत्र्याला क्वारंटाईनमध्ये ठेवू शकतात किंवा परत पाठवू शकतात, म्हणून मूळ प्रती हातातल्या बॅगेत हव्यात.

एक्स्प्रेस-वेवर ‘बिचारा इतका वेळ कोंडलाय, जरा पाय मोकळे करू दे’ असं म्हणून कुणीतरी फूड मॉलवर क्रेट उघडतं. मुंबई-पुणे प्रवासातला सगळ्यांत मोठा धोका हा. घाबरलेला कुत्रा हार्नेसमधून, म्हणजे छातीभोवती बांधलेल्या पट्ट्यांतून मागे सरकत अंग काढून घेतो, आणि समोर भरधाव गाड्या असतात. त्याला घरी पोचेपर्यंत क्रेटमध्येच राहू द्या. क्रेटच्या तळाशी शोषून घेणारी चादर असली म्हणजे शू झाली तरी बिघडत नाही. पाणी जाळीतून द्या.

उघडायची वेळ आलीच तर अशी : गाडीची सगळी दारं बंद, काचा वर, एक माणूस मागच्या सीटवर. क्रेटचं दार हाताच्या पंजाएवढंच उघडून आत हात घालायचा आणि आधी हार्नेसची कडी, मग गळपट्ट्याची कडी लावायची. दोन वेगळ्या दोऱ्या. एकीचा फास मनगटात, दुसरी कमरेच्या पट्ट्याला. त्यानंतरच क्रेटचं दार, आणि सर्वांत शेवटी गाडीचं. हार्नेस घेताना छातीच्या मागे, कमरेच्या बारीक भागाभोवती तिसरा पट्टा असलेला घ्या. त्यातून मागे सरकून निसटणं फार अवघड जातं. दोन दोऱ्यांची ही सवय पुढचे निदान तीन महिने मोडायची नाही.

फ्लॅटची दारं

आपल्याकडचं घराचं दार दिवसभर उघडं-बंद होत असतं. दूध, पेपर, कामवाल्या मावशी, कचरेवाला, सिलिंडर, कुरिअर, वर्गणी मागायला आलेली मंडळातली मुलं. परदेशातल्या घरात आठवड्यात जेवढ्या वेळा दार वाजलं नसेल तेवढं इथे एका सकाळीत वाजतं. त्यामुळे घरातल्या प्रत्येकासाठी एकच नियम : कुत्रा खोलीत, खोलीचं दार बंद, मगच मुख्य दार. मावशींना हे नुसतं सांगू नका, दोन-तीनदा करून दाखवा. त्यांच्याकडे किल्ली असेल तर पहिले दोन आठवडे काढून घेतलेली बरी. सेफ्टी डोअरच्या आतल्या बाजूला लहान मुलांसाठी मिळतं तसं एक गेट बसवलं तर दुहेरी अडसर होतो. बेल पहिले काही दिवस बंद ठेवून दारावर ‘फोन करा’ अशी चिठ्ठी लावा.

बाल्कनीच्या गजांमधलं अंतर मोजा. डोकं जात असेल तर अंग जातं. ड्राय बाल्कनी आणि डक्टकडे उघडणाऱ्या खिडक्या लोक नेहमी विसरतात.

त्याची जागा वर्दळीच्या वाटेवर नसावी. बेडरूमचा कोपरा, वर चादर टाकलेलं टेबल, खाली त्याचं जुनं, न धुतलेलं अंथरूण. तिथे तो असताना कुणीही, अगदी तुम्हीसुद्धा, हात घालायचा नाही. आजी-आजोबांना हे समजावून सांगा. त्यांना त्याचे लाड करायचे असतात आणि तो आपणहून येईपर्यंत थांबणं त्यांना जड जातं. आणि नातेवाइकांना ‘कुत्रा बघायला’ पहिल्या रविवारी बोलावू नका. महिनाभर थांबा म्हटलं तर कुणी खरंच रागावत नाही.

पहिले दिवस

तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने असा एक ठोकताळा सांगतात : तीन दिवस भेदरलेला, तीन आठवड्यांत दिनक्रम कळलेला, तीन महिन्यांत घरचा झालेला. ढोबळ अंदाज म्हणून ठीक आहे. रस्त्यावर वाढलेल्या कुत्र्याला वर्षही लागू शकतं, आणि त्यात त्याचं किंवा तुमचं काही चुकलेलं नसतं.

पहिल्या दिवशी तो खाणार नाही, चोवीस तास लघवीही रोखून धरेल. वाटी ठेवा आणि खोलीतून निघून जा. सलग दोन दिवस काहीच खाल्लं नाही किंवा दिवसभर पाणीही घेतलं नाही तर मात्र डॉक्टरांना फोन. खाणं तिथलंच, दोन आठवडे पुरेल इतकं बरोबर आणा आणि इथलं हळूहळू मिसळत जा. दूध-पोळीचा मोह आवरा, मोठ्या कुत्र्यांना बऱ्याचदा दूध पचत नाही. कांदा आणि लसूण विषारी, म्हणजे आपली जवळजवळ प्रत्येक भाजी, आमटी आणि पोहे त्याच्यासाठी बाद. शिऱ्यातले बेदाणे आणि प्रसादातले मनुकेही बाद, त्याने मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. पाहुणे प्रेमाने प्रसाद भरवतात, तेव्हा आधीच सांगून ठेवा.

आंघोळ घालू नका. वास येत असला तरी चालेल.

तिथे शिकलेले शब्द बदलू नका. तो ‘सिट्झ’ म्हटल्यावर बसत असेल तर घरातल्या सगळ्यांनी ‘सिट्झ’च म्हणायचं. ते शब्द एका कागदावर लिहून फ्रीजवर लावा.

भीती कशी दिसते ते घरातल्या मुलांना शिकवा. ओठ चाटणं, झोप आलेली नसताना जांभया, मान फिरवून डोळ्यांचा पांढरा भाग दाखवत बघणं, शेपूट पोटाखाली, आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे अचानक स्तब्ध होणं. यानंतर गुरगुरणं येतं. गुरगुरल्याबद्दल कधीही ओरडू नका. तो सांगतोय की जवळ येऊ नका, आणि ती सूचना दडपलीत तर पुढच्या वेळी न सांगता चावेल. चावलाच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जा, कुत्र्याचं लसीकरण झालेलं असलं तरी. हळद, चुना, तेल काही लावायचं नाही.

गल्लीतली कुत्री

युरोप-अमेरिकेतून आलेल्यांना सर्वांत जड जातं ते हेच. तिथे बऱ्याच ठिकाणी रस्त्यावर मोकळी कुत्री नसतात. इथे प्रत्येक गल्ली कुठल्या ना कुठल्या टोळीची असते, आणि नवीन कुत्रा त्यांच्या हद्दीत पाय ठेवतो.

पहिला आठवडा सोसायटीच्या पार्किंगच्या बाहेर जाऊच नका. तेवढ्यातच शू-शी, तेवढ्यातच फिरणं. या काळात तुम्ही एकटे बाहेर पडा आणि गल्ली बघून घ्या : कुठली कुत्री कुठे बसतात, कुठली शांत, कुठली धावून येतात. कानाला त्रिकोणी काप असेल तर तो नसबंदी झालेला, सहसा थोडा निवळलेला. रोज त्यांना खायला घालणारे कुणी काका-काकू असतील तर त्यांच्याशी ओळख करून घ्या. याइतकी उपयोगाची गोष्ट दुसरी नाही. कुठलं कुत्रं कसं आहे ते त्यांना तंतोतंत माहीत असतं, आणि ते बरोबर उभे राहिले तर टोळी तुमच्या कुत्र्याला दुरून हुंगून सोडून देते.

मग गेटपर्यंत, मग गेटच्या बाहेर दहा पावलं आणि परत. सकाळी वर्दळ सुरू झाल्यावरची वेळ बरी. रात्री अकरानंतर आणि पहाटे टोळ्या सर्वांत आक्रमक असतात. टोळी आलीच तर पळू नका. भिंतीला पाठ, कुत्रा तुमच्या मागे, हातात छत्री असेल तर ती मधे उघडून धरा, आणि खिशातली मूठभर बिस्किटं त्यांच्यामागे लांब फेका. टोळी खाण्याकडे वळली की चालत निघा. दगड उचलू नका, उद्या पुन्हा याच रस्त्याने यायचं आहे.

तिथल्या जंगलात मोकळा फिरणारा कुत्रा तळजाई किंवा वेताळ टेकडीवरही मोकळा सोडावासा वाटतो. सोडू नका. मोर दिसला की तो निघाला, आणि टेकडीवरून उतरताना चारही बाजूंना रस्ते आहेत. पावसाळ्यात गवतात घोणसही असतात. जुन्नर, मुळशीकडच्या फार्महाऊसवर न्याल तर रात्री त्याला बाहेर बांधू नका, बिबट्या अंगणातून कुत्रा उचलतो.

गोचीड, ऊन आणि पाऊस

थंड देशातून आलेल्या कुत्र्याच्या जिवाला पुण्यात सर्वांत मोठा धोका गोचिडांचा. त्यांच्या चाव्यातून अर्लिकिया आणि बबेसिया हे गोचीड तापाचे जंतू शरीरात शिरतात. चावल्यानंतर एक ते तीन आठवड्यांनी ताप, खाणं बंद, हिरड्या पांढुरक्या, कधी नाकातून रक्त, प्लेटलेट घसरलेल्या. वेळेत कळलं तर बहुतेक बरे होतात, उशीर झाला तर जीव जातो. तो सुस्त आहे, नवीन जागा आहे म्हणून असेल, असं म्हणत तीन दिवस घालवू नका. ताप मोजा आणि रक्त तपासून घ्या.

गोचीडविरोधी गोळी विमानात बसण्याआधीच सुरू असावी. महिन्याची मिळते, तीन महिन्यांची मिळते. झटके येत असतील तर डॉक्टरांना आधी सांगा, काही गोळ्या अशा कुत्र्यांना चालत नाहीत. फिरून आल्यावर कानाच्या आतल्या घड्या, बोटांच्या बेचक्या आणि शेपटीखाली हात फिरवून बघा. पार्किंगमधली गोचीड भिंतीच्या फटींत राहतात, तेव्हा सोसायटीशी बोलून तिथेही फवारणी करून घ्या. औषध वाळेपर्यंत कुत्र्याला तिकडे नेऊ नका.

पावसाच्या डबक्यांतून लेप्टोचा संसर्ग होतो. ती लस दरवर्षी लागते. उन्हाळ्यात सकाळी आठनंतर संध्याकाळी साडेसहापर्यंत बाहेर नको. डांबरावर हाताची मागची बाजू सात सेकंद टेकवून बघा, सोसत नसेल तर त्याचे पंजेही भाजतील. हस्कीसारख्या दुहेरी केसांच्या कुत्र्याची पूर्ण हजामत करू नका, ते केस उन्हापासूनही अंग वाचवतात. विंचरून मोकळे ठेवा.

घर लावता लावता महापालिकेचा परवानाही काढा, पुणे आणि पिंपरी-चिंचवड दोन्हीकडे तो लागतो आणि रेबीजच्या लसीची नोंद दाखवावी लागते. सोसायटीने लिफ्ट वापरायला मनाई केली तर प्राणी कल्याण मंडळाची 2015 ची मार्गदर्शक सूचना दाखवा. सोसायटीला कुत्रा पाळण्यावर बंदी घालता येत नाही, लिफ्टही बंद करता येत नाही. पण शी उचलायची पिशवी रोज खिशात हवी. वाद मिटतात ते तिच्यामुळे.

ढोल आणि फटाके

नदीपात्रात पथकांचा सराव गणपतीच्या दीड-दोन महिने आधीच सुरू होतो. डेक्कन, शनिवार, नारायण पेठ किंवा एरंडवण्यात राहत असाल तर जुलैपासून रोज संध्याकाळी आवाज येणार. याची तयारी फेब्रुवारीपासून करता येते : ढोलाचं रेकॉर्डिंग अगदी हळू आवाजात, तो जेवत असताना. कान टवकारून पुन्हा खायला लागला तर आवाज बरोबर आहे. खाणं थांबवलं तर जास्त झाला. आठवड्याआठवड्याने किंचित वाढवायचा.

दिवाळीच्या दिवसांत फिरणं दुपारी उरकून घ्या, अंधार पडायच्या आत दारं-खिडक्या बंद, पंखा आणि टीव्ही चालू. तो बाथरूममध्ये जाऊन बसला तर बसू द्या आणि तुम्हीही जवळ बसा. जवळ घेतल्याने भीती वाढते हा समज चुकीचा आहे. फारच थरथरत असेल तर डॉक्टर त्या दिवसांपुरतं औषध देतात, पण ते आधी दोन-तीन आठवडे विचारून ठेवा. लक्ष्मीपूजनाच्या रात्री दवाखाना उघडा मिळेलच असं नाही.

निसटलाच तर

मागे धावू नका आणि मोठ्याने हाका मारू नका. घाबरलेल्या कुत्र्याला मालकाचा धावता पायही शिकाऱ्याचा वाटतो. तो शेवटचा जिथे दिसला तिथे त्याचं अंथरूण, तुमचा घातलेला शर्ट आणि खाणं ठेवून एक माणूस बसवा. असे कुत्रे दिवसभर पार्किंगमध्ये, बांधकामाच्या जागी, नाल्याकाठी दडून बसतात आणि मध्यरात्रीनंतर हलतात. तेव्हा शोध रात्री आणि पहाटे. आसपासच्या सोसायट्यांचे वॉचमन, कुत्र्यांना खायला घालणारे, पहाटे झाडणारे कर्मचारी आणि रिक्षा स्टँड, यांच्याकडे फोटो आणि नंबर पोचवा. निरोपात ‘पकडू नका, फक्त फोन करा’ हे ठळक लिहा.

गळ्यातल्या बिल्ल्यावर भारतातला चालू नंबर पहिल्या दिवसापासून हवा, आणि परदेशातल्या चिप नोंदणीतही तो बदलून घ्या. दिसला की बाजूने, तिरकं, खाली बसत जवळ जा, सरळ चालत नको. दोन्ही दोऱ्या लागल्याशिवाय मिठी मारू नका. घरी नेण्याआधी डॉक्टरांकडे : गोचीड, जखमा, पंजे तपासून घ्यायचे. रस्त्यावरच्या कुत्र्याने चावल्याची खूण असेल तर रेबीजची लस पुन्हा टोचून घ्यायची.